तळघरातलं स्पिरिट

“वास नेहमीच्या स्पिरिटचाच, रंगही तोच. पण हे पोटात गेलं तर माणसाचे डोळे जातात, कधी जीवही जातो,” विभागाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या आणि तळघराच्या दाराशी उतरवून ठेवलेल्या कॅनवर त्यांनी हात ठेवला. “म्हणून मुद्दाम खाली येऊन सांगतेय.”

बरणीबाईंनी ओले हात एप्रनला पुसले. “अशा स्पिरिटला निळा रंग असतो ना? लांबून कळावं म्हणून?”

“असतो. पण मग आपले मासेही निळे होतील. म्हणून बिनरंगाचं मागवलं. शुद्ध स्पिरिटचा परवाना यंदा अडकलाय, आणि बरण्या काही परवान्यासाठी थांबत नाहीत.”

मॅडम हसल्या. बाईही हसल्या, पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच माणूस उभा राहिला होता, आणि तो त्या क्षणी वर, इमारतीच्या मुख्य दारापाशी स्टुलावर बसून जांभया देत होता.

विद्यापीठाच्या त्या इमारतीत सगळी सृष्टी कपाटांत घालून ठेवलेली होती. सगळ्यात वर कागदांना चिकटवलेली वाळकी झाडं, त्याखाली खणांमध्ये उताणे निजवलेले पक्षी, डोळ्यांच्या जागी कापूस. मग टाचणीला टोचलेले किडे, मग हाडं आणि दगड. त्यांच्यामधून माणसं आपापलं वेड घेऊन वावरत. एकजण जुन्या पक्ष्यांच्या पिसांत पारा शोधायचा. एक मुलगी वटवाघळांचं ओरडणं टिपून आणायची आणि दिवसभर कानाला लावून बसायची. एका सरांचे केस मुंग्यांच्या पायांपायी पांढरे झाले होते. आणि जे जे ओलं, ते ते तळघरात: मासे, बेडूक, साप, खेकडे. काचेच्या बरण्यांत, स्पिरिटमध्ये बुडवलेले.

झाकण कितीही घट्ट लावा, स्पिरिट उडून जातंच. बरणीकडे दुर्लक्ष झालं की मासा वर उघडा पडतो, आणि उघडा पडलेला मासा काटकीसारखा वाळतो. म्हणून एका टोकापासून बरण्या भरत जायचं. दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या पुन्हा तहानलेल्या. बाईंचं सगळं वय या येरझाऱ्यांत गेलं होतं. लग्न राहूनच गेलं. बरणीबाई हे नाव इतकं मुरलं होतं की खरं नाव त्यांना स्वतःलाही सहीपुरतंच लागे.

दारावरचा तो माणूस त्यांचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो चड्डीत होता. बाईंनीच त्याला वाढवलं, आणि अंगापिंडानं भरल्यावर मोठ्या सरांपुढे नेऊन उभा केला. मोठे सर माशांचे अभ्यासक. वर्षातले कित्येक महिने ते नद्यांवर काढायचे आणि त्यांना जाळं टाकणारा माणूस हवा होता. पहिल्याच फेरीला पोरानं असं जाळं फेकलं, की सर काठावरून ओरडले, “अरे, हा तर जाळ्या!” तेच नाव पडलं. पुढं तळघरातल्या निम्म्या बरण्या जाळ्याच्या हातच्या माशांनी भरल्या. परत आला की तो थेट खाली यायचा, ओल्या पोत्यासकट. “ताई, बघ तरी काय आणलंय!” असं म्हणत एकेक मासा बाळंतिणीजवळ बाळ द्यावं तसा बहिणीच्या हातात द्यायचा.

मग मोठे सर निवृत्त झाले. नवी मंडळी आली, हुशार आणि मऊ बोलणारी. त्यांना जाळं नको होतं. नदीचं बाटलीभर पाणी आणायचं, यंत्रात घालायचं, की त्या नदीत कोण कोण राहतं ते यंत्रच सांगायचं. एकही मासा मरत नाही, हे मॅडमनी त्याला कौतुकानं समजावून सांगितलं होतं. “चांगलंच आहे की,” जाळ्या म्हणाला होता. त्याला दारावर बसवलं. आल्यागेल्याची सही घ्यायची, छत्र्या सांभाळायच्या आणि संध्याकाळी सगळे गेले की इमारत बंद करायची. दारावर बसून बसून तो प्यायला लागला. बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली, आणि तो बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला आला.

तळघरातल्या कॅनमधलं स्पिरिट तो पाणी घालून पितो, हे फक्त बाईंना माहीत होतं. पहिल्यांदा पकडला तेव्हा त्यांनी पेला हिसकावून घेतला होता आणि म्हटलं होतं, “यात औषध घातलंय मेल्या, किडे मारायचं. मरशील!” तो टरकला. काही दिवस शुद्धीत राहिला. मग प्यायला, आणि सकाळी उठून चहा मागितला. नंतर बाईंनी उंदराचं विष सांगितलं. कॅनवर कवटी चिकटवली. एकदा तर आईची शपथ घेऊन सांगितलं. दरवेळी तो रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हाक मारायचा, “ताई, मेलो गं! उद्याचा चहा वर पाठव.” आणि सकाळी जिवंत.

पण एक गोष्ट त्यानं कधी केली नाही. बरणीला हात लावला नाही. “ते माशांचं आहे,” तो म्हणायचा. “मेलेल्याच्या तोंडचं काढून घेऊ का?”

त्या संध्याकाळी जेवण वाढल्यावर बाईंनी ताटाशेजारीच बसकण मारली. “ऐक. आज नवीन कॅन आलेत. ते पिण्याचं नाही. खरंच विषारी आहे. डोळे जातात.”

जाळ्यानं घास तोंडात घातला. “डोळे? मागच्या वेळी आतडी जाणार होती.”

“मागचं सोड. या वेळी खरं सांगतेय.”

“बरं.”

“बरं काय? आईची शपथ!”

“ती शपथ तू वापरून संपवलीस, ताई.” तो हसला, पण त्यात चेष्टा नव्हती. त्यानं बहिणीच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग खाली मान घालून जेवू लागला.

दुसऱ्या दिवशी बाई मॅडमच्या खोलीत गेल्या. “स्पिरिटच्या खोलीला कुलूप पाहिजे होतं.”

“का हो? कोणी काही करतंय का?”

उत्तर जिभेवर होतं. तेवढं एक नाव घेतलं, की जाळ्या दारावरूनही जाणार. मग दिवसभर घरी, एकटा. बाई म्हणाल्या, “नाही, मुलं येतात-जातात. उगाच कशाला जोखीम?”

“बरोबर आहे. सुताराला सांगते,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तसं सांगितलंही. सुतार येतो येतो म्हणत राहिला.

बाईंनी मग आपल्यापुरती युक्ती काढली. कॅनमधलं स्पिरिट जिथपर्यंत होतं, तिथं संध्याकाळी निघताना बाहेरून पेननं बारीक रेघ मारून ठेवायची आणि सकाळी आल्याबरोबर बघायचं. पहिली सकाळ, पातळी रेघेवरच. दुसरी, तिसरी, तशीच. त्यांचा विश्वास बसेना. एकदा त्यांनी जिन्यातून वर येऊन दाराशी बसलेल्या भावाला आडून न्याहाळलं. तो एका म्हाताऱ्या प्राध्यापकाची छत्री झटकून देत होता, आणि काहीतरी बोलून त्याला हसवत होता. ऐकलं म्हणायचं, बाईंना वाटलं. इतक्या वर्षांत एकदा तरी ऐकलं. त्या दिवशी तळघरात त्या गुणगुणत होत्या, असं वटवाघळांवाल्या मुलीनं नंतर कोणाला तरी सांगितलं.

कामही चांगलं चाललं होतं. पुढच्या रांगा भरून झाल्या, आणि बाई भिंतीकडच्या फळ्यांवर आल्या. तिथं मोठ्या बरण्या होत्या, मोठ्या सरांच्या काळातल्या. त्यांतल्या काहींची पातळी बरीच उतरलेली होती. एका हातभर लांब माशाची तर पाठ उघडी पडायला आली होती. झाकणं जुनी, रबर गेलेलं, बाई स्वतःशीच म्हणाल्या. हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं. त्यांनी नवं रबर कापलं, झाकणं बदलली, आणि नव्या कॅनमधलं स्पिरिट एकेका बरणीत गळ्यापर्यंत ओतलं.

चार-सहा दिवसांनी जाळ्या सकाळी उठला नाही. बाईंनी दार ढकललं तेव्हा तो बिछान्यावर बसलेला होता. खाली ओकारी पडली होती. खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं, आणि तो डोळे सताड उघडे ठेवून उन्हाकडेच बघत होता.

“ताई, धुकं कसलं गं घरात?”

बाईंनी चहा खाली ठेवला. “धुकं नाहीये रे.”

“आहे. पांढरं फटक. तू कुठंयस?”

दवाखान्यात तरुण डॉक्टरणीनं पहिला प्रश्न तोच विचारला, काय प्यायला? कॅनची पातळी रेघेवरच होती, पण डोळे गेले म्हणजे तेच असणार. बाईंनी सांगितलं. काहीही न लपवता, कुठलं स्पिरिट, कुठून आलं, सगळं. डॉक्टरणीनं नर्सला भराभर सूचना दिल्या आणि शिरेतून सलाइन सुरू केलं. “यात शुद्ध अल्कोहोल आहे,” ती बाईंना म्हणाली. “या विषावर तेच औषध. घाबरू नका, जीव वाचेल.”

“आणि डोळे?”

डॉक्टरणीनं सलाइनच्या थेंबांकडे पाहिलं. “उशीर झालाय, मावशी.”

जीव वाचला. तिसऱ्या दिवशी त्याला नीट बोलता यायला लागलं. बाई खाटेशेजारी बसून होत्या. त्याचा हात चादरीवरून चाचपडत आला आणि त्यांच्या मनगटाला लागला.

“तू खरं सांगत होतीस.”

“हो.”

“मी ऐकलं होतं, ताई. शप्पथ. त्या रात्री तुझं तोंड बघून कळलं मला, ही आज खोटं बोलत नाहीये. कॅनला बोटसुद्धा लावलं नाही.”

“माहीत आहे. पातळी रेघेखाली गेली नव्हती.”

“पण राहवेना गं. बाहेर जाऊन प्यायला दारावरून सुटका नाही. मग भिंतीकडच्या बरण्यांतलं घ्यायला लागलो. थोडं थोडं. म्हटलं हे जुनं आहे, सरांच्या वेळचं, याला काही धोका नाही. माशांची माफी मागायचो रोज.” तो थांबला. “सुरुवातीला काहीच झालं नाही. मग एकदम असं कसं झालं? बरणीत कसं आलं ते?”

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता. त्याचं खोकणं संपलं. खोटं बोलता आलं असतं. इतक्या वर्षांत एवढं बोलून झालं होतं, त्यात आणखी एक.

“मी ओतलं,” त्या म्हणाल्या. “पातळी उतरली होती. मला वाटलं, झाकणं खराब झालीत.”

मनगटावरचा हात तसाच राहिला. जाळ्याचे डोळे छताकडे लागले होते, आणि त्यातून पाणी ओघळून कानात जात होतं. ते पुसावं हेही बाईंना सुचलं नाही.

“तुझं कामच ते,” तो म्हणाला.

विद्यापीठात फार बोभाटा झाला नाही. मॅडम दवाखान्यात येऊन गेल्या, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून रडल्या. बाहेर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, “त्या दिवशी कुलूप मागायला आलात, तेव्हाच मला का नाही सांगितलंत?”

“नोकरी गेली असती त्याची.”

नोकरी गेलीच. तब्येतीचं कारण लिहिलं गेलं. सुतार मात्र त्याच आठवड्यात आला आणि खोलीला चांगलं जाडजूड कुलूप बसवून गेला.

बाई पुन्हा कामावर जाऊ लागल्या. दुसरं काय करणार? घरात आता दोन तोंडं आणि एकच हात. भिंतीकडच्या बरण्यांतले मासे तात्पुरते दुसरीकडे बुडवून मॅडमनी त्या बरण्या दुसऱ्या माणसाकडून रिकाम्या करवून घेतल्या होत्या, आणि परवाना मिळाल्यावर त्या पुन्हा शुद्ध स्पिरिटनं भरायच्या होत्या. ते काम आपल्याकडे नको, असं बाई एकदा बोलून बघणार होत्या. बोलल्या नाहीत. परवाना आला तेव्हा त्यांनीच भरल्या.

जाळ्या दिवसभर खिडकीशी बसायचा. कोणी विचारलं, तर “मजेत” म्हणायचा. मुलगी एकदा येऊन गेली. तिच्या डोक्यावरून हात फिरवून त्यानं तिची उंची बघितली. दारू त्यानं पुन्हा मागितली नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, एवढं तरी बरं झालं.

खरं काय ते बाईंना माहीत होतं. संध्याकाळी त्या दार उघडून आत आल्या, की खिडकीकडे असलेलं त्याचं तोंड वळायचं. आवाजाकडे नाही, त्यांच्या हातांना येणाऱ्या स्पिरिटच्या वासाकडे. त्या न बोलता, पाऊल न वाजवता आत आल्या तरी वळायचं. त्या चुलीकडे गेल्या की तिकडे, मोरीकडे गेल्या की तिकडे. मान किंचित पुढे, नाकपुड्या फुललेल्या, आणि त्या उघड्या डोळ्यांत काहीच नाही. त्याला ते कळत होतं की नाही, कोण जाणे. बाईंनी त्याला कधी विचारलं नाही.

हे लक्षात आल्यापासून त्या थेट घरात शिरत नाहीत. आधी मागच्या दारी नळावर जातात, बाह्या कोपरापर्यंत सारतात, आणि कपड्याच्या साबणानं हात घासत बसतात. बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, पुन्हा पुन्हा. थंडीत कातडी फुटून रक्त येतं, साबण झोंबतो. आतून जाळ्या हाक मारतो, “ताई, आलीस का?” आणि त्या ओले हात नाकाशी नेतात, वास घेतात, आणि पुन्हा साबण उचलतात.

“आले रे,” त्या बाहेरूनच म्हणतात. “हात धुतेय.”