मुकं बिल्ड

सकाळी आईने दवाखान्यातून फोनवर एकच मागणं मागितलं होतं. "पाचला डोळ्याची पट्टी सोडणार आहेत. पहिलं तोंड तुझंच दिसू दे, बाई." लेकीने शब्द दिला आणि कामावर आली.

ऑफिसचा दंडक असा, की ज्याने बिल्ड, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडून पॅकेज बनवायचं काम, संगणकावर लावलं त्याने ते संपेपर्यंत जागा सोडायची नाही. शेवटी त्याचाच पासवर्ड लागतो. पॅकेज संध्याकाळी गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. तिने अकराला बिल्ड लावलं, तेही मुकं. एरवी कुठली फाइल घेतली, कुठे जोडली, हे सगळं यंत्र पडद्यावर ओतत बसतं. तिला त्या बडबडीचा भारी तिटकारा. म्हणून आज्ञेत एक शब्द घालून तिने त्याचं तोंडच बांधलं होतं.

काम दीड तासाचं. दोन वाजले, तीन वाजले. पडद्यावर नुसता कर्सर लुकलुकत होता. बंद करावं तर केलेलं सगळं पाण्यात, उठावं तर दंडक आडवा. बाई खुर्चीत खिळून बसली.

शेजारी म्हातारे सहकारी, सगळ्यांचे दादा. त्यांना ती म्हणाली, "दादा, हे काही बोलतच नाही हो."

"तूच गप्प केलंस, आता रुसतेस कशाला?" दादांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, मध्येच ते काही विचारत असेल तर? तो प्रश्नही तू गिळायला लावला असशील."

इतके तास ती यंत्राची वाट बघत होती, आणि यंत्र तिची.

"मग 'हो' दाबून टाकू?"

"कशाला हो म्हणतेस, ठाऊक आहे का? देवाच्या दारातही आधी ऐकावं, मग मान डोलवावी."

चार वाजता तिने मन घट्ट करून सगळं बंद केलं आणि बिल्ड पुन्हा लावलं, या वेळी बोलकं. साडेचारला ओळींच्या पुरात प्रश्न उभा राहिला: जुनी सगळी पॅकेजं पुसू का? तिने 'नाही' टाइप केलं. अजून तासाभराचं काम बाकी होतं.

पाचला तिने फोन लावला. "आई, मी अडकलेय गं. पट्टी सोडली?"

"सोडली की. डॉक्टर म्हणतात, डोळे उघडा. मी म्हटलं, मला घाई नाही."

"उघड ना, आई."

"तू तुझं उरक. मी मिटून बसलेय."

फोन ठेवून ती पडद्याकडे वळली आणि धावणारी एकेक ओळ वाचू लागली.