वाळूतला झिरा

गुहागर म्हणलं की कुणाला नारळ आठवत्यात, कुणाला मासळी. मला आमचा झिरा आठवतो. सात उन्हाळे आमी तिथं काढले. शिंपले भरून भरून म्या फ्रॉकचे खिसे फाडले, लाटा अंगावर घेऊन काळीठिक्कर झाले. पण हे सगळं मायमुळं. न्हायतर तिसऱ्याच दिवशी आमी माघारी गावाकडं, माकणीला आलो असतो.

त्र्याहत्तर सालचा मे, ऐन दुष्काळ. माझे बा, कोंडीराम, एसटीत ड्रायव्हर. बदली झाली गुहागरला, म्हणून त्यांनी माय आन् मला तिकडं बोलावलं. समुद्राच्या अंगाला एक खोली, मागं विहीर. पहिल्याच सकाळी माय घागर घेऊन गेली, तर घरमालकीणबाई आडव्या आल्या.

"आडनाव कळलं हो आम्हाला. विहिरीला हात लावू नका. मी वरून ओतीन."

माय रिकामीच घागर घेऊन परतली. माकणीत जन्मभर तिनं तेच केलेलं. खाली घागर धरायची, कुणी वरनं ओतलं तर ओतलं. आमी बौद्ध झालो, पण विहिरीवरचं काय बदललं न्हाय. बा म्हणाले, "वाद नको. उद्याच्या गाडीनं दोघी गावाकडं जा."

म्या भोकाड पसरलं. समुद्र नुसता लांबनं बघितलेला, पाय सुदीक भिजले नव्हते!

"गप गं," माय म्हणाली. "कोण जातंय माघारी?"

वाटी आन् खुरपं घेऊन ती तडक वाळूवर गेली. लाटांपासून लांब, सुरूच्या झाडांखाली खणाया बसली. तेरणा आटली तवा नदीच्या वाळूत असाच झिरा खणून तिनं आमाला जगवलं होतं. फिरायला आलेली माणसं फिदीफिदी हसली, "अहो बाई, समुद्राकाठी गोडं पाणी?" माय मान वर करंना. हात खांद्यापर्यंत आत गेला तवा वाळू ओली लागली, मग पाणी पाझरलं. तिनं चाखलं, मला पाजलं. गोड! जरा वाळू कचकचली, एवढंच.

बांनी परत गाडीचं नाव काढलं न्हाय. रोज सकाळी वाटीवाटीनं घागर भरायची, मग दिवसभर समुद्र माझा.

महिना सरता सरता विहीर खारी झाली. एक दिवस मालकीणबाई कळशी घेऊन झिऱ्यावर आल्या. जरा लांबच थांबल्या आन् कळशी पुढं धरून म्हणाल्या, "थोडं ओता हो."

मला आतनं अशा उकळ्या फुटल्या! म्हणलं माय, ओत, चांगलं हातभर वरनं ओत!

मायनं वाटी त्यांच्या हातात दिली.

"आमी वरनं ओतत न्हाय, बाई. खाली बसा. तुमच्या हातानं भरून घ्या."

बाई झिऱ्याजवळ आल्या. मग पदर खोचला, आन् आमच्या झिऱ्यात हात घातला.