कोळशाच्या पिंपातली सळई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. चिंचवडच्या एका कारखान्याच्या मोडक्या गेटातून मला कापून काढलं आणि टोक घासून गुळगुळीत केलं. तेव्हापासून मी शिकलेल्यांत मोडू लागले.

साल १९८१. बॉयलरचं तेल मिळेनासं झालं होतं. म्हणून कोळशाची पूड पाण्यात कालवून तेलासारखी जाळायचं ठरलं, आणि त्या प्रयोगासाठी कारखान्यात एक शेड उभी राहिली. पण कोळशाला पाण्याचं वावडं. त्याचे कण एकमेकांना बिलगतात, नाहीतर तळाशी दगडासारखे बसतात. केमिस्ट ज्ञानदेव त्यात एक औषध घाली. ते कणांवर चढलं की कण एकमेकांना दूर लोटत. वर थोडा डिंक, ते तरंगत राहावेत म्हणून. माझं काम एकच: पिंपात सोडलं की आपल्या वजनानं तळ गाठायचा. मध्येच रुतले, तर मिश्रण घट्ट बसलं असं समजायचं.

सोमवारी मोठे साहेब येणार होते. आठवडाभर ठेवलेल्या पिंपात मी तळ गाठला नाही, तर शेड बंद आणि ज्ञानदेव पुन्हा गटाराचं पाणी तपासायला. सुपरवायझर हिंदुरावांनी शनिवारी सगळी शेड चुन्यानं रंगवून घेतली. आमच्याकडे तपासणीत आधी भिंती पास होतात.

सोमवारी सकाळी ज्ञानदेवनं मला सोडलं. मी मध्येच रुतले आणि झेंड्याच्या काठीसारखी उभी राहिले.

"हिंदुराव, यात काय घातलंत?"

"काय न्हाई. पिंप जरा उणं दिसत हुतं. बादलीभर पाणी वतलं अन् हलवलं."

"कुठली बादली?"

हिंदुरावांनी भिंतीकडे पाहिलं.

"चुन्याची? अहो, चुन्यानं औषध मारलं! सगळे कण एकमेकांच्या गळ्यात पडले."

"मग ढवळ की राव! साहेब जाईस्तोवर पातळ ऱ्हाईल." त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं.

मित्रांनो, तपासणाऱ्यालाच ढवळायला लावलं की निकाल कधी वाईट येत नाही.

बाहेर जीप थांबली. ज्ञानदेवनं मला हिंदुरावांच्या हातातून ओढून घेतलं. कोपऱ्यात ताडपत्रीखाली पोचे आलेलं दुसरं पिंप होतं. मिश्रण पहिल्या पिंपाबरोबरच केलेलं, आठवडाभरापूर्वीचं. दिसायला वाईट म्हणून झाकलेलं, त्यामुळेच चुन्यातून वाचलेलं. आत काय झालंय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"साहेब, पहिलं पिंप चुना जाऊन बिघडलंय," ज्ञानदेव म्हणाला. "हे बघा."

मला त्यानं सोडलं. आत काळोख, गारवा. माझा वेग मंदावला. मी जड झाले, आणखी जड, आणि टक्! तळ.

"शेड चालू ठेवा," साहेब म्हणाले. "रंगकाम बंद करा."

पुढे तेल पुन्हा मिळू लागलं आणि शेड आपोआप बंद पडली. मला गंज चढलाय. आता कुठं तपासणी आली की मला घेऊन जातात, चुना ढवळायला.

मित्रांनो, माझ्यासारखी सळई हाती आली तर पुसून ठेवा. आणि आधी सरळ खाली सोडून बघा. ढवळायचं काय, ते नंतरही होतं.