दोरीला हात लावणाऱ्याचा वाटा

कार्यक्रम पार पडला की त्याचं मूल्यमापन करायचं असतं, हे निकेत मालवणातल्या एका शिबिरात शिकून आला होता. आधी काय चांगलं झालं ते बोलायचं, मग उणिवा. शिकवणारे सर कुठले होते देव जाणे, पण आमच्या किनाऱ्यावरचे नक्की नव्हते. इथे लग्नाच्या पंगतीतून उठलेला माणूस हात धुवायच्या आधी उणिवा सांगायला लागतो. चांगलं काय होतं, ते त्याला दुसऱ्या दिवशीही आठवत नाही.

तर रविवारी दुपारी देवळाच्या सभामंडपात, गावच्या पहिल्यावहिल्या रापण महोत्सवाची चिरफाड करायला अख्खी वाडी जमली. महोत्सव निकेतच्याच डोक्यातून निघालेला. मुंबईच्या मामाने त्याच्यासाठी गोदामात नोकरी बघून ठेवली होती, आणि आईशी, म्हणजे सुभद्रेशी, बोली अशी झाली होती की गावाने पुढच्या वर्षीही महोत्सव करू म्हटलं तर त्याने इथे राहावं, नाहीतर मुकाट मामाकडे जावं.

बेत तसा झकास होता. रापण घालायची, म्हणजे होडीने समुद्रात जाळं सोडायचं, काठावरून पर्यटकांनी दोरी ओढायची, आणि निघालेली मासळी तिथल्या तिथे बचत गटाच्या बायकांनी तळून त्यांना वाढायची. जाळं भरून बांगडे आले. माशी शिंकली ती पुढे. निकेतचा बाप बाबली हा रापणीचा म्होरक्या. ज्याने दोरीला हात लावला त्याला वाटा, मग तो कोणी का असेना, हा रापणीचा कायदा बाबलीच्या बापानेही मोडला नव्हता. निकेत वाळूत रुतलेली बस काढायला धावला, तेवढ्यात बाबलीने बांगड्यांचे ढीग घातले आणि झाडून साऱ्या पर्यटकांना वाटून टाकले. निकेत परत येऊन बघतो तर तवे तापलेले, बायका मसाला कालवून बसलेल्या, आणि मासा औषधाला नाही.

सभेत पहिली उठली बचत गटाची सत्यवती. तिने बाबलीचं नाव घेतलं नाही, पण बोट सगळा वेळ त्याच्याकडेच होतं. 'ताजी मासळी' असा फलक लावून तिला लोकांना वडे आणि उकडलेली अंडी वाढावी लागली होती. मग लॉजवाला गुरुदास. त्याच्या एसी खोलीतल्या कोल्हापूरच्या पाहुण्यांनी आपला वाटा बेसिनमध्ये ठेवला आणि दिवसभर फिरायला गेले. खोली अजून वास मारते. पुण्याची एक बाई तर शाकाहारी. ती नको नको म्हणत असताना बाबलीने तिच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत बांगडे कोंबले होते.

त्यात रापणीतल्या लवूने फाटा फोडला. दोरी नुसती धरून फोटो काढणाऱ्याला वाटा लागू होतो का? झालं! अर्धी वाडी म्हणे हात लागला म्हणजे लागला, अर्धी म्हणे ओढल्याबिगर कसला हात. चहा आला, संपला, मूल्यमापन राहिलं बाजूला. शेवटी सत्यवती वैतागली. पुन्हा हा महोत्सव नको, असं तिने सांगून टाकलं आणि बऱ्याच माना डोलल्या. चूक कोणाची तेवढं निकेतने सांगावं आणि उठू या, असं ठरलं.

निकेत उभा राहिला. बापाचं नाव घ्यावं तर चारचौघांत म्हाताऱ्याची अब्रू जाते, न घ्यावं तर खापर महोत्सवावर आणि नशिबी मामाचं गोदाम. बाबली खांबाला टेकून शांत बसला होता. त्याच्या मते काही बिघडलेलंच नव्हतं. ती शांती बघून निकेतच्या डोक्यात तिडीक गेली, आणि जे बोलायचं मनातही नव्हतं ते तोंडातून बाहेर पडलं.

"सगळ्यांका वाटो गावलो. मी सकाळपासून दोरी ओढलंय, माका गावाक नाय."

बाबली खांब सोडून ताठ झाला. अंडी, वास, पुण्याची बाई, कशाचंच त्याला काही वाटलं नव्हतं. पण दोरी ओढलेला माणूस रिकाम्या हाताने घरी गेला, आणि तोही पोटचा पोर! म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरला. डोळे भरून आले.

"माझ्या हातान असा कधी होवक नाय," तो म्हणाला. "पुढल्या वर्सा परत रापण घालूची. परत सगळ्यांका बोलवा. पयलो वाटो हेचो. तो घेतल्याबिगर ह्यो गावातसून हलूचो नाय."

नको म्हणणाऱ्या माना आता बरोबर म्हणून हलायला लागल्या. पुढल्या खेपेला बायकांनी तवे तापवण्याआधी दोरीला हात लावायचा, म्हणजे बचत गटालाही वाटा, असं सत्यवतीने परस्पर जाहीर केलं आणि सभा उठली. निकेतला बापाचं वाईट वाटत होतं आणि आतून हसूही येत होतं.

सुभद्रेने तिथूनच भावाला फोन लावला. निकेत येत नाही, त्याचा वाटा द्यायचा राहिलाय, एवढंच तिने सांगितलं. मामाचा मुंबईत उभा जन्म गेला, पण माणूस याच किनाऱ्यावरचा. कसला वाटा, कुठला वाटा, काही विचारलं नाही त्याने. "मगे कसो येतलो तो," म्हणाला, आणि ती नोकरी दुसऱ्या कोणाला देऊन टाकली.