अकरा अक्षरांची नदी

"परत सांग, ही कोण?" मी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

"नदी," लेक म्हणाली.

"कोणती?"

"नुसती नदी." मग माझ्याकडे बघत, मिश्कीलपणे, "हळवी!"

मी तिच्या ओठांवर हात ठेवला. सकाळपासून पढवत होते, आणि तपासणीचे साहेब कुठल्याही क्षणी येणार होते.

सासऱ्यांचा नकाशांचा छापखाना घराच्याच पुढच्या खोल्यांत. हळवी ही सासूबाईंच्या माहेरची नदी. त्या गेल्यापासून सासरे नातीला मांडीवर घेत आणि तिचं इवलंसं बोट त्या निळ्या रेघेवरून उगमापासून समुद्रापर्यंत फिरवत. "ही तुझ्या आजीची हळवी." पोरगी चालायच्या आधी ते शिकली. मग सरकारचा हुकूम आला. नदीचं नाव आता महाविजयगौरवसरिता. जुनं छापलं तर परवाना रद्द. कुठेतरी एक सही झाली आणि पुलावरच्या पाट्या, शाळेची पुस्तकं, बातम्या, सगळं बदललं. एवढं मोठं पाणी, त्याला कळलंसुद्धा नाही. मी थक्क होऊन बघत राहिले होते.

"बाबा, घाला ना नवं नाव," मी काल विनवलं होतं. "छापखाना बंद पडला तर हिच्या तोंडात काय घालू?"

"बघतो, पोरी."

साहेब आले. मी लेकीला कडेवर घट्ट धरून दारात उभी राहिले. त्यांनी छापायचा नमुना टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून शोधू लागले.

"जुनं नाव नाही, ठीक. नवं कुठाय?"

"मावत नाही, साहेब," सासरे म्हणाले. "अकरा अक्षरं, आणि नदी बोटभर. मांडून पाहिलं, तर 'सरिता' समुद्रात पडली."

"सरिता समुद्रातच जायची."

"जाते ना. पण मग लोक समुद्रालाच सरिता म्हणतील. तसा हुकूम काढताय का?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी पट्टी लावून रेघ मोजली. "नकाशावर एवढी लहान दिसणारी नदी बिननावाची चालते. नियम आहे तसा," ते पुटपुटले आणि शिक्का काढला. शिक्का मारून त्यांनी सहज बोट त्या रेघेवर टेकलं.

"हळवी!" कडेवरून खणखणीत आवाज आला. "आजीची हळवी!"

सासऱ्यांनी डोळे मिटले.

"हो, हळवीच आहे जरा," माझ्या तोंडून निघून गेलं. "आजीवर गेलीय. नवं माणूस दिसलं की असंच."

साहेबांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. त्यांनी शिक्का पिशवीत टाकला.

"आमची आईही हळवी होती," ते म्हणाले. "जपा हिला. शाळेत घालाल तेव्हा जास्तच."

ते गेल्यावर सासरे खुर्चीत बसूनच राहिले. लेक माझ्या कडेवरून घसरली, त्यांच्या मांडीवर चढली. तिनं बोट उगमावर ठेवलं. कोऱ्या निळ्या रेघेवरून ते हळूहळू खाली सरकू लागलं, आणि तिचे ओठ हलू लागले. नकाशाच्या कोपऱ्यातला शिक्का अजून ओला होता.

"त्याला हात लावू नकोस हं," मी एवढंच म्हणाले.