जिनिंगमधला आवाज

देवळीच्या बाहेर, सोयाबीन निघालेल्या वावरात मांडव पडला होता आणि त्यात मेलेली माणसं बोलत होती. नादमहाराज डोळे मिटून मृताचा मोबाइल कपाळाला लावत, की स्पीकरमधून त्या माणसाचा आवाज येई. बायका पदर तोंडात धरून रडत होत्या.

"आत्मा म्हणजे नेटवर्क, बेटा," महाराज सांगत. "देह काय, नुसता हँडसेट. हँडसेट जल गया, तो क्या नेटवर्क जाता है?" माझ्या शेजारी बसलेले बँकेतले साहेबही यावर मान डोलवत होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हसू यायला हवं होतं, पण आवाज इतके हुबेहूब होते की मीही पुढे सरकून ऐकायला लागलो.

मी गेलो होतो शेजारच्या सपनाबरोबर. तिचा नवरा अंकुश हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होता. उन्हाळ्यात अपघातात गेला. त्याची आई शकुंतलाबाई हिला जुनी शुगर. पायाला जखम, रोज इन्सुलिनची सुई. गेल्या गुरुवारी या मांडवात अंकुश बोलला, "माय, सुई घेऊ नको. महाराजाचं तीर्थ घेत जाय." तेव्हापासून तिने सुई सोडली. आता पाय काळा पडायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, सुई सुरू झाली नाही तर पाय तर जाईलच, जीवही वाचेल असं सांगता येत नाही.

आजही अंकुश बोलला. बाहेर आल्यावर सपना म्हणाली, "सर, आवाज त्याइचाच हाये. पण हे घरी असे वरडून नाई बोलत जात. मायसंग त इतकं हळू बोलत का मले आयकू येत नव्हतं."

"मग ओरडून कधी बोलायचा?"

"जिनिंगमधून. मशिनी चालू रायतेत ना तिथं. मायले वाचता येत नाई, म्हनून व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवत."

स्वर्गात काही जिनिंग नाही. मग अंकुश तिथून कशाच्या वर आवाज चढवून ओरडत होता? आणि मृताचा मोबाइल महाराजांचे सेवक आदल्या दिवशीच 'शुद्धी'साठी का ठेवून घेत होते?

मी नीलेशला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, नागपूरला संशोधन करतो. त्याने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "सर, ते बहुतेक माझंच काम आहे."

घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जातो, त्यांना स्वतःच्याच आवाजात बोलता यावं म्हणून त्याने एक प्रोग्राम केला होता. जुनं रेकॉर्डिंग द्यायचं, हवं ते वाक्य लिहायचं, की त्या माणसाच्या आवाजात ऐकू येतं. गरिबांना परवडावा म्हणून तो त्याने इंटरनेटवर फुकट ठेवला होता. "दुसरं कोणी हा कशाला वापरेल, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी महाराजांच्या प्रवचनांच्या रेकॉर्डिंगवरून त्यांचा आवाज तयार करून तो लॅपटॉप घेऊन मांडवात बसला. महाराजांनी डोळे मिटले आणि नीलेशच्या स्पीकरमधून महाराजांचाच आवाज घुमला, "मी तुमच्या मेलेल्या माणसांचे मोबाइल उघडून त्यांचे आवाज चोरतो." महाराजांचे ओठ मिटलेले सगळ्यांना दिसत होते. नीलेशने माईक घेऊन युक्ती समजावून सांगितली. लोक आधी हसले, मग खवळले. महाराज मागच्या बाजूने गाडीत बसून पसार झाले. आपण जिंकलो, असं मला वाटलं. वाटायला काय जातं.

आम्ही तसेच शकुंतलाबाईकडे गेलो. खोलीत जखमेचा वास भरला होता. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"समजलं मले, बापू. मशीन बोलते. महाराज लबाड हाये."

"मग सुई घ्या ना, मावशी," नीलेश म्हणाला.

"नाई. अंकुश नाई म्हनला."

"अहो, तो अंकुश नव्हता."

"आवाज त्याचाच होता."

शाळेत जन्मभर जे शिकवलं ते सगळं मी बोलून पाहिलं. डॉक्टर येऊन रागावून गेले. शेवटी सपना नीलेशला म्हणाली, "भाऊ, त्याइच्या आवाजात एक डाव म्हनून टाका. माय, सुई घे, म्हना."

नीलेशने माझ्याकडे पाहिलं. मी तो पाय पाहत होतो. हो म्हणणं मला जमलं नाही, आणि नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. त्याने म्हातारीच्या मोबाइलमधले अंकुशचे जिनिंगमधले निरोप प्रोग्रामला दिले आणि वाक्य लिहिलं. "हळू बोलू द्या त्याइले," सपना म्हणाली, पण त्या यंत्राला अंकुशचं ओरडणंच तेवढं माहीत होतं. "माय, सुई घे," अंकुश ओरडला, आणि म्हातारीने मुकाट्याने दंड पुढे केला.

पाय पुढे औषधपाण्याने वाचला. पण नीलेश माझ्याकडे मुक्कामाला आहे हे कळून दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या ओट्यावर माणसं येऊन बसली होती, हातात आपापल्या मेलेल्यांचे मोबाइल घेऊन. यातलेच कितीतरी जण काल मांडवात महाराजांना हसले होते. "मशीन हाये, मालूम हाये आमाले," एक बाई म्हणाली. "तरी एक डाव बोलवा." त्यांतल्या वासुदेवरावांना तर वारलेल्या वडिलांकडून एवढंच वदवून घ्यायचं होतं, की वावर धाकट्या भावाला देऊ नका.

नीलेशने त्याच दिवशी प्रोग्राम इंटरनेटवरून काढला. "ज्यांनी आधीच उतरवून घेतला, त्यांच्याकडून कसा काढू, सर?" त्याने विचारलं.

मला एवढंच सांगता येतं. मेलेला माणूस बोलत नाही. त्याच्या आवाजात कोणीतरी जिवंत माणूस बोलत असतो आणि त्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. ते काय, हे आधी विचारा. आवाज ओळखीचा आहे म्हणून आपली अक्कल गहाण टाकू नका. ओट्यावरच्या माणसांनाही मी हेच सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं, बरोबर आहे सर, म्हणाले. उठलं मात्र कोणीच नाही.