काकूंनी कशाला मान डोलावली

काका गेले आणि घर एकदम हळू बोलायला लागलं. भेटायला येणारा माणूस दारातच आवाज खाली आणायचा, चपलासुद्धा हलकेच काढून ठेवायचा. दुःखाच्या घरात असंच वागतात, त्यात कुणाची चूक नव्हती. पण त्या दिवसांत टेलिफोनकाकूंना कुणाचा एक शब्द धड ऐकू आला नाही, आणि ते कुणाला सांगायची सोयही नव्हती.

काकूंचे कान एके काळी भलते तिखट. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. पलीकडच्यानं नुसता श्वास घेतला तरी त्या माणूस ओळखायच्या. काका तेव्हा छापखान्यात मशीन चालवत. मालकाचे ट्रंक कॉल बुक करायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं आणि दोघांचं बोलणं सुरू झालं. मालकाला परगावी बोलायचं असून असून असणार किती? पण काकांना रोज निमित्त सापडायचं. लग्न ठरलं तेव्हा एक्स्चेंजमधल्या बायकांना कुणी बातमी द्यावी लागली नाही, सगळ्याजणी आधीपासून ऐकतच होत्या.

साठी उलटली आणि काकूंना कमी ऐकू यायला लागलं. ही गोष्ट त्यांनी या कानाची त्या कानाला कळू दिली नाही. ज्या कानांवर जन्म काढला, त्यांना यंत्र लावायचं म्हणजे काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तशात एक दिवस जेवताना काकांनीच जाहीर केलं, "इतकी वर्षं त्या मशीनच्या धडधडीत काढली, आता माझे कान गेले. या घरात यापुढे सगळ्यांनी मोठ्यानं बोलायचं."

झालं. पोरं, सुना, जावई, सगळे ओरडून बोलायला लागले. काका तर असे बोलत की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला यांच्या घरातलं सगळं तोंडपाठ. सकाळी पेपर मोठ्यानं वाचायचे, मनात वाचलेलं डोक्यात राहत नाही म्हणायचे. नातवंडांनी त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं. ते नाव त्यांनी मिरवलं.

काकूंना हे सोंग कळलं नव्हतं असं नाही. एकदा काका बाहेरच्या खोलीतून उठून आले आणि स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ घट्ट बंद करून गेले. काकू नळाशेजारीच उभ्या होत्या. दोघांची नजरानजर झाली. आभार मानायचे तर आधी बहिरेपण कबूल करावं लागलं असतं, आणि काकूंना ते जमेना. उद्या बोलू, परवा बोलू, असं करता करता काका नव्वदीला टेकले आणि ते राहूनच गेलं.

काका गेल्यावर काकूंनी ऊठसूट मान डोलवायला सुरुवात केली. समोरच्याचे ओठ थांबले की मान डोलवायची. बहुतेक वेळा निभावून जायचं. थोरली मुलगी सोबतीला राहिली होती. तिनं एका दुपारी कपाटापाशी उभं राहून काहीतरी विचारलं, काकूंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी उघडतात तो काकांचा कप्पा रिकामा.

"अगं, यांचे शर्ट कुठे गेले?"

"काल विचारलं ना तुला, देऊन टाकू का? तू हो म्हणालीस." थोरली इतक्या तुटकपणे, चढ्या आवाजात बोलली की तेवढं मात्र काकूंना ऐकू आलं.

"हो, हो, बरं केलंस," म्हणत काकू न्हाणीघरात गेल्या आणि कडी लावून रडल्या. एक शर्ट तरी ठेवायचा होता त्यांना. आणि तिथेच त्यांना आठवलं. दवाखान्यातही त्यांनी अशीच मान डोलावली होती.

शेवटच्या दिवशी काकांनी त्यांना बोटानं जवळ बोलावलं होतं. सकाळीच त्यांनी उशीवरून नर्सला झापलं होतं, ते अख्ख्या वॉर्डानं ऐकलं होतं. पण आता नुसते ओठ हलत होते. काकूंनी मान डोलावली. काका हसले. पुन्हा काहीतरी म्हणाले. काकूंनी पुन्हा मान डोलावली. काकांनी डोळे मिटले. झोप लागली असं समजून काकू खाली चहाला गेल्या. त्या परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आपण कशाला हो म्हणालो? काही वचन मागितलं असेल तर? मुलाकडे राहायला जा म्हणाले असतील, कुणाला सांभाळ म्हणाले असतील. जन्मात एकदा त्या माणसानं काही मागितलं असेल आणि आपण शब्द देऊन मोकळ्या झालो, या विचारानं त्यांना घास जाईना. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला त्या वेळी थोरली उभी होती. विचारायचं तर तिलाच, आणि विचारायचं म्हणजे सगळं उघड करायचं.

दोन दिवसांनी थोरली ओट्यापाशी कप विसळत असताना काकूंनी धीर केला.

"त्या दिवशी बाबा मला काय म्हणाले गं?"

थोरली पाठमोरी काहीतरी पुटपुटली.

"इकडे बघून बोल. मोठ्यानं बोल. मला ऐकू येत नाही. कितीतरी वर्षं येत नाही."

थोरलीच्या हातातला कप तसाच राहिला. मग ती ओल्या हातानंच समोर येऊन बसली.

"म्हणजे तुला कळलंच नव्हतं? आधी त्यांनी विचारलं, 'ऐकू येतंय का गं?' तू मान डोलावलीस, म्हणून ते हसले."

"आणि मग?"

"मग म्हणाले, 'मला फार भीती वाटते गं.' तू नुसती मान डोलावलीस आणि चहाला गेलीस. मला इतका राग आला होता तुझा, आई. मनातून जातच नव्हता."

काकूंना त्या सकाळचं नर्सला झापणं आठवलं. आवाज होता काकांना. तो त्यांनी मुद्दाम खाली आणला होता. बायकोला ऐकू येत नाही याची आधी नीट खात्री करून घेतली होती, आणि मगच ते बोलले होते. तो प्रश्न ऐकू आला असता तर काकू चपापल्या असत्या, नुसती मान डोलावली नसती, हे ते ओळखून होते.

"असा कसा गं हा माणूस!" काकूंचा आवाज चढला, खाली शिंप्याचं मशीन थांबलं. "सगळं जग मला ओरडून सांगितलं, आणि हे एवढंच हळू? मी हात धरून बसले असते. चहाला गेले नसते गं मी."